निमंत्रणावर ‘ब्लॅक टाय’ लिहिलंय, मग घालायचं काय?

लंडनमधल्या ऑफिसचा वार्षिक पुरस्कार सोहळा, केंब्रिजच्या कॉलेजचा मे बॉल (तो भरतो जूनमध्ये, ही तिथली गंमत), क्रूझवरची गाला नाइट किंवा मुंबईत एखाद्या परदेशी वकिलातीची मेजवानी. पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात ‘ब्लॅक टाय’ एवढंच छापलेलं असतं. आपल्यातला सरळमार्गी माणूस ते शब्दशः घेतो. कपाटातला काळा सूट काढतो, त्यावर काळा लांब टाय लावतो आणि निघतो. विलायतेत हा वेश अंत्यविधीचा.

ब्लॅक टाय म्हणजे काळा बो टाय आणि त्याच्यासोबत ठरून गेलेला संध्याकाळचा पूर्ण संच. त्यातल्या कोटाला इंग्रज डिनर जॅकेट म्हणतात, अमेरिकन टक्सिडो. 1865 साली प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढे राजा झालेल्या सातव्या एडवर्डने, लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीकडून घरगुती जेवणासाठी आखूड, शेपटी नसलेला कोट शिवून घेतला. या प्रकाराचं मूळ तिथे मानलं जातं. 1886 च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कच्या क्लबात तो दिसू लागला आणि अमेरिकेत त्या जागेचंच नाव त्याला चिकटलं. आज आपल्याला जो भलताच कडक वाटतो तो त्या काळचा सैलसर, घरातला पोशाख होता.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करा: हा गणवेश आहे. इथे वेगळं दिसायचं नसतं, मापात दिसायचं असतं. आपल्या बाजारात ‘टक्सिडो’ म्हणून जे मिळतं, ते बहुतेक नवरदेवांसाठी केलेलं असतं. मरून मखमल, चमचमती लॅपल (कोटाच्या छातीवर कॉलरपासून खाली बाहेर दुमडलेली पट्टी), छातीवर ब्रोच, त्यावर साखळी. स्टेजवर ते शोभतं. पाहुणा म्हणून ब्लॅक टायला जाताना त्यातलं काहीही नको.

आधी पत्रिका नीट वाचा

‘व्हाइट टाय’ असेल तर प्रकरण वेगळं. मागे शेपट्या असलेला टेलकोट, पांढरा वेस्टकोट, पांढरा बो टाय आणि टोकं दुमडलेली ताठ विंग कॉलर. स्टॉकहोममध्ये दर 10 डिसेंबरला नोबेल समारंभात पुरुष असे दिसतात. हा पोशाख आयुष्यात एखाद्या वेळी लागतो, तेव्हा भाड्याने आणा आणि विषय संपवा.

‘ब्लॅक टाय ऑप्शनल’ म्हणजे डिनर जॅकेट असेल तर उत्तम, नसेल तर गडद सूट, पांढरा शर्ट आणि साधा गडद लांब टाय चालेल. ‘लाउंज सूट’ म्हणजे नेहमीचा ऑफिसचा सूट. इथे बो टाय लावून गेलात तर लोक तुमच्याकडे पाण्याचा ग्लास मागतील. ‘क्रिएटिव्ह ब्लॅक टाय’मध्ये थोडी मोकळीक असते, पण माझं मत विचाराल तर तिथेही एकच वस्तू बदलावी: कोट मखमली किंवा बो रंगीत, दोन्ही नाही. ‘डेकोरेशन्स’ असं छापलं असेल तर निवृत्त फौजींनी छोट्या आकाराची पदकं लावायची. छापलं नसेल तर लावायची नाहीत.

पत्रिकेत ‘नॅशनल ड्रेस’ हे शब्दही शोधा. ते असतील तर आपल्यासाठी दुसरा आणि बरेचदा सोपा रस्ता उघडतो. त्याबद्दल पुढे.

वेळही बघा. ब्लॅक टाय हा दिवेलागणीनंतरचा पोशाख, जुना संकेत संध्याकाळी सहाचा. दुपारी चारला चर्चमध्ये लग्न असेल तर गोव्यात काय किंवा इंग्लंडमध्ये काय, डिनर जॅकेट घालून जाऊ नये.

कोट

शिवून घेणार असाल तर टेलरला ‘टक्सिडो शिवा’ एवढंच सांगू नका, कारण तो त्याच्या सवयीचा सूट शिवेल आणि लॅपलवर सॅटिन चिकटवून देईल. खालच्या गोष्टी एकेक करून सांगा, जमल्यास कागदावर लिहून द्या.

लॅपल टोकदार, वर चढणारी असावी, किंवा खाचेशिवायची गोल, शालीसारखी वळणारी. आपल्या नेहमीच्या सुटाला जी खाच असते ती इथे नको. दुकानातल्या तयार कोटांत सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. लॅपलवर रेशमी सॅटिन किंवा बारीक रेघांचं मंद चकाकीचं ग्रोसग्रेन. ग्रोसग्रेन मिळालं तर तेच घ्या, फोटोच्या फ्लॅशमध्ये ते चमकत नाही. समोर बटण एकच, तेही त्याच रेशमाने मढवलेलं. खिशांना फ्लॅप नको, नुसती बारीक पट्टी. मागे कट, म्हणजे कोटाच्या खालच्या कडेची उभी चीर, नको. बसताना अडचण होते म्हणून बाजूचे दोन कट मागितलेत तर आभाळ कोसळणार नाही, पण मधला एक कट अजिबात नको. दोन रांगांच्या बटणांचा डबल ब्रेस्टेड कोटही पूर्ण नियमात बसतो. तो बंदच ठेवायचा असल्याने आत कमरबंद (कमरेभोवती बांधायचा चुण्यांचा रेशमी पट्टा) किंवा वेस्टकोट लागत नाही. पोट थोडं सुटलेलं असेल तर हा पर्याय नक्की बघा.

रंग काळा किंवा मिडनाइट ब्लू, म्हणजे जवळजवळ काळाच वाटणारा गर्द निळा. विजेच्या दिव्याखाली साधा काळा कधी हिरवट तर कधी तपकिरी झाक मारतो, हा निळा मात्र काळ्याहून काळा दिसतो. पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेल्या राजपुत्राने 1920 च्या दशकात तो रूढ केला.

कापड शुद्ध लोकरीचं घ्या, किंवा लोकर आणि मोहेरचं, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांचं, मिश्रण. मुंबई, पुणे, गोव्यासाठी मीटरला 250 ते 280 ग्रॅम वजनाचं पुरतं. टेरीवूल स्वस्त पडतं, पण दोन तासांत घामाने अंगाला चिकटतं आणि दिव्याखाली त्याची चकाकी लपत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

ट्रायलला तीन जागा तपासा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर संपते का? खांदा बाहेर लोंबत असेल तर तो कोट परत करा, खांदा दुरुस्त करणं म्हणजे अर्धा कोट उसवणं. दुसरं, बटण लावल्यावर पोटावर इंग्रजी एक्ससारख्या चुण्या पडतात का? पडत असतील तर कंबर सैल करायला लावा. तिसरं, हात सरळ सोडल्यावर बाहीखाली शर्टाचा कफ साधारण एक सेंटीमीटर दिसतो का? आपल्याकडे कोटाच्या बाह्या सर्रास लांब शिवतात, तळहातावर येईपर्यंत. ‘आखूड करून द्या’ म्हटलं की टेलर कुरकुरतो. कुरकुरू द्या.

पांढरा, खरं तर हस्तिदंती रंगाचा डिनर जॅकेट हा उष्ण प्रदेशांचा आणि बोटीवरचा प्रकार. गोव्यात समुद्राकाठी नववर्षाची पार्टी असेल तर झकास. याची लॅपल त्याच कापडाची असते, सॅटिनची नाही, आणि पॅन्ट मात्र काळीच. लंडनच्या पार्टीत तो घालू नये, भर उन्हाळ्यातही नाही. तिथले जुने लोक नाक मुरडतात.

पॅन्ट आणि कंबर

पॅन्ट कोटाच्याच कापडाची, बाहेरच्या शिवणीवरून खालपर्यंत लॅपलच्याच रेशमाची एक पट्टी. खाली दुमड नको. बेल्टचे लूप तर नकोतच. बेल्ट आणि त्याचं चकाकतं बक्कल हा या पोशाखातला सगळ्यात मोठा अपशकुन. पॅन्ट धरून ठेवायला बाजूला ओढायच्या पट्ट्या असतात, किंवा गॅलिस, म्हणजे खांद्यांवरून जाणारे पट्टे, लावायचे. गॅलिससाठी पॅन्टच्या कमरपट्टीच्या आतून सहा बटणं लावून घ्या, चार पुढे आणि दोन मागे. चिमट्याचे गॅलिस शाळेच्या स्नेहसंमेलनाला ठेवून द्या. पॅन्ट बेंबीच्या जवळ बसायला हवी. खाली कमरेवर घातलीत तर कोटाच्या बटणाखाली पांढऱ्या शर्टाचा त्रिकोण डोकावतो, आणि फोटोत आधी तोच दिसतो.

तो त्रिकोण झाकण्यासाठीच कमरबंद असतो. हिंदुस्थानातल्या उकाड्यात वेस्टकोट सोसवेना तेव्हा इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कमरेच्या शेल्याचा हा प्रकार उचलला आणि घरी नेला. काळा, लॅपलच्या रेशमाशी जुळणारा घ्या. चुण्यांची तोंडं वर यायला हवीत. पाठीमागे हूक लागतो, त्यामुळे कोट काढायचा बेत असेल तर मागची बाजू आरशात बघून घ्या. कमरबंद नको असेल तर खोल गळ्याचा काळा वेस्टकोट. दोन्ही एकत्र कधीच नाही.

अति उकाड्याच्या ठिकाणी यजमान कधी कधी ‘रेड सी रिग’ असं सांगतात. तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांवरची ही जुनी सवलत: सगळा पोशाख तोच, फक्त कोट नाही. कमरबंद तेव्हा सगळ्यांसमोर येतो, म्हणून तो नीट बांधलेला हवा.

शर्ट

पांढराच. छातीवर मार्सेलाचं, म्हणजे बारीक उठावदार विणीचं जाड कापड असलेला किंवा उभ्या बारीक चुण्यांचा. कॉलर साधी खाली वळलेली. विंग कॉलर भाड्याच्या दुकानात हटकून गळ्यात मारतात. ती व्हाइट टायसोबत राहू द्या. कफ दुहेरी, कफलिंक लावायचे. समोर बटणांऐवजी काळे किंवा मोतीशिंपल्याचे स्टड, म्हणजे काजांत ओवायची सुटी बटणं. बहुतेक शर्टांना वरच्या चार काजांत स्टड आणि खाली साधी बटणं असतात. स्टडचा संच नसेल तर बटणं झाकणाऱ्या पट्टीचा शर्ट घ्या, काम भागतं.

कॉलरचं माप महत्त्वाचं: वरचं बटण लावून आत एक बोट सहज जायला हवं, दोन गेली तर सैल. बो टायमुळे कॉलर पूर्ण उघडी दिसते, लांब टायसारखं झाकायला काही नसतं.

बो टाय: स्वतः बांधा

तयार बांधलेला, मागे हूक असलेला बो इतका सममित असतो की लांबूनही ओळखू येतो. हाताने बांधलेल्या बोची एक पाकळी जराशी कलते, आणि गंमत त्यातच आहे. अवघड काही नाही; ही बुटाच्या नाडीचीच गाठ आहे, फक्त गळ्याशी आणि आरशात उलटी. सरावासाठी खुर्चीत बसून गुडघ्याच्या वर मांडीला बांधून बघा. तिथे हात खाली असतात, दुखत नाहीत, आणि गाठ समोर दिसते.

1. कॉलर वर करा. बो गळ्यात घाला, डावं टोक उजव्यापेक्षा दोन-तीन बोटं, म्हणजे चारेक सेंटीमीटर, खाली राहू द्या.

2. लांब टोक आखूड टोकावरून न्या, खालून वर गळ्याच्या फासातून ओढून घ्या आणि घट्ट करा. घट्ट म्हणजे गळा आवळेल इतकं नाही, पण गाठ सरकायला नको. सैल बोचं मूळ याच पायरीत असतं.

3. खाली लोंबणारं आखूड टोक रुंद भागाशी दुमडून आडवं धरा. आता ते अर्ध्या बोसारखं दिसेल. डाव्या हाताच्या चिमटीत मधोमध पकडा.

4. वरचं लांब टोक या आडव्या घडीच्या मधोमध समोरून खाली सोडा.

5. इथे सगळे अडकतात. खाली सोडलेल्या टोकाचीही तशीच घडी करा आणि घडीचा मधला भाग, टोक नव्हे, समोरच्या बोच्या मागे जी छोटी फट तयार झाली आहे तिच्यातून पलीकडे ढकला. फट दिसत नाही, बोटाने चाचपावी लागते. आधी तर्जनी घालून वाट मोठी करा, मग घडी सारा. ती पूर्ण पलीकडे जाऊ देऊ नका, अर्धीच.

6. आता दोन्ही बाजूंच्या घड्या धरून विरुद्ध दिशांना हळूहळू ओढा, गाठ आवळते. सुटी टोकं ओढलीत तर सैल होते. दोन मिनिटं आलटून पालटून ओढत बसा, मग कॉलर खाली घ्या.

रुंदी किती? बोची टोकं तुमच्या डोळ्यांच्या बाहेरच्या कडांच्या सरळ खाली यावीत, चेहऱ्याबाहेर जाऊ नयेत. कापड लॅपलसारखंच. सॅटिनला सॅटिन, ग्रोसग्रेनला ग्रोसग्रेन. समारंभाच्या आदल्या आठवड्यात रोज रात्री एकदा बांधून सोडा, त्या दिवशी हात आपोआप चालतात.

पायात

काळे, नाडीचे, पुढे कसलंही नक्षीकाम नसलेले ऑक्सफर्ड बूट. पेटंट लेदरचे, म्हणजे काचेसारख्या चकाकत्या चामड्याचे, असले तर सोन्याहून पिवळं, पण ऑफिसचे साधे ऑक्सफर्ड पॉलिश करकरून आरशासारखे केलेत तरी कुणी बोट ठेवणार नाही. खास पेटंट बुटांवर पैसे घालू नका, जोवर वर्षातून दोन-तीन निमंत्रणं येत नाहीत. जाड रबरी तळवे, तपकिरी चामडं, टोकदार लोफर नकोत. मोजे काळे, पातळ, पोटरीपर्यंतचे. पायावर पाय टाकून बसल्यावर मधे कातडी दिसली तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

बाकीचं पटकन. छातीच्या खिशात पांढरा सुती किंवा लिननचा रुमाल, सरळ घडीचा. घड्याळ शक्यतो घालू नका. घातलंच तर चपटं, काळ्या पट्ट्याचं. मनगटावरचं स्मार्टवॉच दर दहा मिनिटांनी उजळतं, ते घरीच राहू द्या. मोबाइल आणि पाकीट पॅन्टच्या पुढच्या खिशात कोंबू नका, कोटाच्या आतल्या खिशात एकच वस्तू.

बंदगळा: आपला सरळ रस्ता

पत्रिकेत ‘नॅशनल ड्रेस’ असेल तर चांगल्या शिवलेल्या काळ्या बंदगळ्यासारखं सोपं आणि रुबाबदार दुसरं काही नाही. ते शब्द नसतील तरी परदेशात बहुतेक यजमान आनंदाने हो म्हणतात, फक्त आधी एक फोन करा. अभिजित बॅनर्जी यांनी, ज्यांची आई मराठी आणि जन्म मुंबईचा, 2019 मध्ये स्टॉकहोमला व्हाइट टायच्या समारंभात काळा बंदगळा आणि धोतर नेसून नोबेल स्वीकारलं. त्या गर्दीत कुणालाही ते कमी वाटले नाहीत.

पण बंदगळ्यातही हाच गणवेशाचा नियम. काळा किंवा मिडनाइट ब्लू, कोणत्याही भरतकामाशिवाय. बटणं कापडाने मढवलेली किंवा काळी. सोनेरी सिंहाची बटणं नकोत. कॉलर गळ्याला लागून उभी, आतून पांढऱ्या पट्टीची दोन-तीन मिलिमीटर किनार दिसली तर सुरेख. ही पट्टी सुटी करून घ्या, म्हणजे धुता येते. कॉलर मानेपासून सुटत असेल तर बाकी कितीही चांगलं असलं तरी तो कोट वाया. लांबी बैठक झाकेल इतकी. खाली त्याच कापडाची सरळ पॅन्ट, बूट वर सांगितलेलेच. बिनबाह्यांचं जाकीट आणि कुर्ता हा दिवाळी पहाटेचा पोशाख, तो या पंक्तीत बसत नाही. शेरवानी नवरदेवाला ठेवा. आणि फेटा बांधणारे असाल तर तो डिनर जॅकेटवरही बेलाशक चालतो, रंग शांत ठेवा.

एकदाच लागणार असेल तर

भाड्याने घ्या, पण आठवडाभर आधी अंगावर चढवून बघा आणि बाह्या व पॅन्टची लांबी तिथेच टाचून घ्या. भाड्याच्या संचात बो तयार बांधलेला असतो आणि शर्ट पातळ पॉलिस्टरचा. या दोन वस्तू स्वतःच्या घ्या. विलायतेत शिकायला असाल तर विद्यापीठांच्या गावांतली चॅरिटी शॉप धुंडाळा. जुन्या, उत्तम लोकरीच्या डिनर जॅकेटना तिथे कवडीमोल भाव असतो, आणि उरलेले पैसे दुरुस्तीवाल्या टेलरला द्या. जॅकेट चांगलं असेल आणि खांदा बसत असेल तर बाकी सगळं दुरुस्त होतं.

त्या संध्याकाळी

स्टड आणि कफलिंक शर्ट अंगावर घालण्याआधीच ओवून ठेवा, विशेषतः डावरे नसाल तर उजवा कफलिंक एका हाताने लावताना नाकी नऊ येतात. क्रम असा: मोजे, शर्ट, गॅलिस लावलेली पॅन्ट, बूट, बो टाय, कमरबंद आणि सगळ्यात शेवटी कोट. बूट कमरबंदाआधी घालावेत, नंतर वाकताना तो गुंडाळून वर सरकतो. बो टायसाठी पंधरा मिनिटं वेगळी ठेवा आणि त्या वेळात घरातल्यांना खोलीबाहेर काढा.

उभे असताना कोटाचं बटण लावलेलं, बसताना सोडलेलं. जेवताना यजमानाने स्वतः कोट काढला तरच तुम्ही काढा. रात्र चढल्यावर नाच सुरू झाला आणि बो सोडून नुसता गळ्यात लोंबता ठेवायचा मोह झाला, तर खुशाल सोडा. हूकवाल्यांना ही चैन करता येत नाही.

घरी आल्यावर कोट लगेच कपाटात कोंबू नका. रुंद खांद्याच्या हँगरवर रात्रभर हवेशीर जागी ठेवा, ब्रशने झटका, मग सुती आवरणात घाला. ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून आलेली प्लॅस्टिकची पिशवी तशीच ठेवलीत तर कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लॅपलच्या रेशमावर बुरशीचे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा कोट बाहेर काढून पंख्याखाली टांगा.